कपाट रिकामं होतं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं इकडचं तिकडचं तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याची शाळा'. कॉम्प्युटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला हल्ली बारशालासुद्धा याच विषयावर बोलायला लावतात. मी चार दिवसांनी फोन करून सांगितलं की मला फौजदारी कायद्यावर बोलायचंय. पलीकडे जरा शांतता झाली आणि मग विचारणा आली, "काही झालंय का गं?"

झालंय. दोनदा. एकदा गेल्या वर्षी ऑफिसात आणि एकदा नववीत असताना, याच इमारतीत. आधी ऑफिसचं सांगते.

आमच्या कंपनीत एका मुलाने राजीनामा दिला होता. वय २६, कामाला चोख. नोटीस पिरियडचे दहाएक दिवस उरले होते. आमच्याकडे पेनड्राइव्ह चालत नाहीत, पण टेस्टिंगसाठी त्याच्या मशीनला मुभा होती. एका रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी त्याने ग्राहकांच्या माहितीची एक मोठी झिप फाइल पेनड्राइव्हवर उतरवायला घेतली. ३१ टक्क्यांवर कॉपी थांबली. लॉगमध्ये नोंद आहे : वापरणाऱ्याने रद्द केली. अशी अर्धवट उतरलेली फाइल उघडत नाही. म्हणजे त्याच्या हाती काही लागलं नाही, कंपनीचं काही गेलं नाही. पण लॉगला डोळे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोंद कुणाच्या तरी स्क्रीनवर लाल रंगात उभी होती.

चौकशीला तिघांची समिती नेमली. एचआरच्या एक बाई, दुसऱ्या विभागाचे एक मॅनेजर आणि लॉग वाचता येतो म्हणून मी. पहिल्याच बैठकीत आम्ही अडलो. याने केलं तरी काय? चोरी केली म्हणावं तर माल नाही. काही केलं नाही म्हणावं तर ती ३१ टक्क्यांची नोंद समोर. कंपनीचे वकील एका शब्दात म्हणाले, "प्रयत्न." मग त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ८४-सी दाखवलं. त्या कायद्यातला गुन्हा करण्याचा प्रयत्न केला, तर मूळ गुन्ह्याला असलेल्या जास्तीत जास्त कैदेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा. मी विचारलं, प्रयत्न म्हणजे नक्की काय ते कुठे लिहिलंय? ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, ते लिहिलेलं नाही."

मी इंजिनिअर आहे. व्याख्या न देता नियम लिहिला तर आमच्याकडे प्रोग्रॅम चालतच नाही. मला ते पटेना, म्हणून मी त्यानंतरचे दोन महिने रात्री बसून हेच वाचत होते. घरच्यांना वाटलं, मी नोकरी सोडून वकिली करणार.

भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात ५११ कलमं, आणि प्रयत्नाचं सर्वसाधारण कलम अगदी शेवटचं, ५११ वं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिथे हेच कलम ६२ व्या क्रमांकावर आलं. आशय तोच. जो गुन्हा करण्याचा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नात गुन्ह्याच्या दिशेने एखादी कृती करतो, तो शिक्षेला पात्र. प्रयत्न म्हणजे काय, तर ज्यात प्रयत्न केला जातो ते! आमच्या गणिताच्या सरांनी अशा उत्तराला शून्य दिलं असतं. सर, हसू नका, तुम्ही मला एकदा दिलंय.

पण कायदा एवढा आळशी नाही. गुन्ह्याच्या वाटेवर चार टप्पे धरतात : इरादा, तयारी, प्रयत्न आणि प्रत्यक्ष गुन्हा. मनातल्या इराद्याला शिक्षा नाही. तयारीलाही एरवी नाही, दरोड्याच्या तयारीसारखे मोजके अपवाद सोडले तर. शिक्षा सुरू होते ती प्रयत्नापासून. म्हणजे सगळा वाद तयारी आणि प्रयत्न यांच्यामधल्या उंबरठ्याचा. तो उंबरठा कुठे आहे हे कलम सांगत नाही, उदाहरणं सांगतात. खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली एक उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला मारायचं म्हणून विष आणलं, जेवणात कालवलं, पण ते जेवण अजून त्याच्याच ताब्यात आहे. अजून प्रयत्न नाही. तेच ताट त्याने त्या माणसापुढे ठेवलं किंवा वाढायला नोकराच्या हाती दिलं, की प्रयत्न झाला. ओट्यापासून पानापर्यंतचं अंतर. आपल्या घरात चार पावलांचं असेल.

आता आपल्या शाळेत शोभेल असा एक खटला सांगते, परीक्षेचा आहे. अभयानंद मिश्र नावाच्या गृहस्थांनी पाटणा विद्यापीठाकडे अर्ज केला की मला खासगीरीत्या इंग्रजी घेऊन एम. ए. ला बसायचंय, मी पदवीधर आहे, शिक्षक आहे. सोबत दाखले जोडले. विद्यापीठाने परवानगी दिली, प्रवेशपत्रही काढलं. मग कळलं की गृहस्थ पदवीधरही नाहीत आणि शिक्षकही नाहीत. फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला झाला. त्यांचं म्हणणं, मी तर नुसती तयारी केली, परीक्षेला कुठे बसलो? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं की अर्ज तयार झाला तिथे तयारी संपली आणि अर्ज विद्यापीठाकडे रवाना केला त्या क्षणी प्रयत्न सुरू झाला. याच निकालात असंही म्हटलंय की प्रयत्नातली कृती ही गुन्ह्याच्या अगदी शेवटच्या पायरीचीच असायला हवी असं नाही. मला हा निकाल वाचून बरं वाटलं होतं. लिफाफा पेटीत पडल्याचा आवाज तरी ऐकू येतो.

पण दुसरे दोन निकाल शेजारी ठेवले की पुन्हा गोंधळ. साठच्या दशकात पंजाबातून भाताची पोती बाहेर न्यायला परवाना लागायचा. मलकियत सिंग नावाच्या चालकाचा ट्रक दिल्लीच्या वाटेवर, हद्दीच्या अलीकडे समालखाच्या नाक्यावर अडवला. परवाना नव्हता. कुठे निघाला होता ते कागदांवरून स्पष्ट होतं. तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही तयारीच. नाक्यापासून हद्दीपर्यंत रस्ता शिल्लक आहे, तेवढ्यात त्यांचं मन बदलू शकलं असतं, ते मागे फिरू शकले असते.

दुसरा आपल्या वसईजवळचा. १९६८ सालची रात्र, मुंबईहून निघालेला ट्रक आणि जीप, मागावर कस्टम्सचे अधिकारी. गाड्या खाडीकाठी थांबल्या, चांदीच्या लगडी उतरवायला सुरुवात झाली आणि पाण्यातून यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज आला. अधिकाऱ्यांनी छापा घातला. चांदी अजून जमिनीवरच होती, होडीत गेलीच नव्हती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटवलं : हा प्रयत्नच. एवढ्या रात्री खाडीकाठी चांदी उतरवणारा माणूस दुसरं काय करत असणार?

एकीकडे हद्द पुढे आहे म्हणून सुटका, दुसरीकडे होडी पाण्यात आहे तरी शिक्षा. मी याचा तक्ता मांडून पाहिला, अंतर किती, काय उरलं होतं, काय झालं होतं. तक्ता जमला नाही. न्यायालयं अंतर मोजत नाहीत, हे मला उशिरा समजलं. झालेल्या कृतीवरून इरादा स्वच्छ दिसतो का आणि माणूस त्या कामाला खरोखर लागला होता का, हे बघतात. माझ्या मते पोत्यांच्या खटल्यात न्यायालय जरा उदारच झालं. तो ट्रक आपणहून मागे फिरला असता असं मला तरी वाटत नाही. पण 'मन बदलायला रस्ता शिल्लक ठेवावा' ही कल्पना डोक्यातून गेली नाही, कारण आमच्या मुलाने मधेच कॉपी रद्द केली होती.

आणखी एक मुद्दा सांगून मी मूळ गोष्टीकडे येते. पुण्याचा आहे, तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. काडतुसांत दोष असेल किंवा खिशातलं पाकीट आडवं आलं असेल. तेव्हा बचाव असा की या गोळीने माणूस मरणारच नव्हता, मग खुनाचा प्रयत्न कसला? मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. एरवी ज्या कृतीने माणूस मेला असता अशी कृती त्या इराद्याने केली की झालं, मधे काय आडवं आलं हा भाग वेगळा. लोक पुढे त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणत. देशासाठी केलं म्हणून आपण त्यांना मानतो, हा निराळा विषय. कायद्याचं वाक्य मात्र तिथेच राहिलं आणि कामाला येतं.

खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत कैद आणि समोरच्याला इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. झाडणारा तोच, गोळी तीच. हात दोन इंच हलला की वर्षं बदलतात. नशिबाला कायद्याने घराबाहेर ठेवलंय असं कुणी म्हणू नये. ओसरीवर बसू दिलंय.

तर त्या शेवटच्या ५११ व्या कलमाखाली दोनच उदाहरणं आहेत. एक, खिसा कापायला हात घातला आणि खिसा रिकामा निघाला. दुसरं, दागिने चोरण्यासाठी पेटी फोडली आणि पेटीत दागिने नव्हतेच. दोन्ही ठिकाणी गुन्हा झाला, प्रयत्नाचा.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी लॅपटॉप मिटवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

नववीतली सहामाही. बीजगणिताने आम्हा दोघींना घाम फोडला होता. दोघी म्हणजे मी आणि माझी एक मैत्रीण. नाव सांगणार नाही, ती समोर बसली आहे आणि तिने चहाच्या वेळीच मला तंबी दिली आहे. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात एक हिरवं लोखंडी कपाट होतं. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करून त्यात ठेवतात, असं आम्हाला ठाम माहीत होतं. कुणी सांगितलं ते विचारू नका, शाळेत सगळ्या गोष्टी ठाम माहीत असतात. किल्ली शिपाईमामांकडे, म्हणजे प्रत्यक्षात पाण्याच्या टाकीजवळच्या खिळ्याला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मामा घंटेजवळचं आवरत होते तेव्हा आम्ही किल्ली काढली. मैत्रीण दाराशी उभी राहिली. कपाट मी उघडलं.

आत भूगोलाचे नकाशे, खडूंचे खोके, एक फुटका पृथ्वीगोल आणि गॅदरिंगच्या दाढ्यामिशा. प्रश्नपत्रिका नव्हती.

आम्हाला फार हसू आलं. किल्ली खिळ्याला अडकवली, घरी गेलो. बीजगणितात मला ५० पैकी २१ मिळाले, तेही स्वतःचे. तीस वर्षं ही गोष्ट मी गमतीची म्हणून सांगत आले. लग्नानंतर सासरीसुद्धा सांगितली. शेवटचं वाक्य नेहमी तेच : "पण कपाट रिकामं होतं!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण रिकाम्या कपाटाने मला निर्दोष ठरवलं होतं. आमचा बेत प्रश्नपत्रिका वाचून परत ठेवायचा होता, असाही एक बचाव मी मनात तयार ठेवला होता. वकिलांना सहज विचारलं. ते म्हणाले, थोड्या वेळापुरतं नेलं तरी चोरी होऊ शकते. आम्ही तेव्हा चौदा वर्षांच्या होतो, कायद्याने बालक, म्हणून तुरुंगाबिरुंगाचा प्रश्न नव्हता. पण 'काही केलंच नाही' हे वाक्य त्या रात्री माझ्या हातून गेलं.

एक गोष्ट मी सासरी कधी सांगितली नाही. घाईत कपाटाचं दार नीट लागलं नव्हतं. सोमवारी ते उघडं दिसलं. मामांना ऑफिसात बोलावलं, लेखी खुलासा मागितला. पुढे किल्ली त्यांच्याकडे राहिली नाही. एक खडू काढायचा तरी हेडक्लार्ककडे जाऊन मागावी लागायची. आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघायचो. मैत्रीण एकदा म्हणाली, सांगूया का? मी म्हणाले, काय सांगायचं, आपण कुठे काय घेतलंय?

आता ऑफिसचा शेवट. मुलगा समितीपुढे आला. म्हणाला, नव्या ठिकाणी उपयोगी पडेल असं वाटलं, कॉपी सुरू केली, मग पडद्यावर टक्के वाढताना बघून नको वाटलं, थांबवली. मॅनेजर म्हणाले, सीसीटीव्हीत ११ वाजून ४३ मिनिटांनी सुरक्षारक्षक त्या मजल्यावरून फेरी मारताना दिसतोय, कॉपी रद्द झाली ११ वाजून ४४ ला. नको वाटलं की भीती वाटली?

कायद्याने बघायचं तर आपल्याकडे प्रयत्न एकदा पूर्णपणे सुरू झाला की नंतरचा पश्चात्ताप त्याला पुसत नाही. शिक्षा ठरवताना त्याचा विचार होऊ शकतो, एवढंच. आमच्या डेटाबेसमध्ये याच्या अगदी उलट. व्यवहार शेवटी कमिट झाला नाही तर रोलबॅक, म्हणजे जणू कधी काही घडलंच नाही. वीस-बावीस वर्षं त्या जगात राहिल्यामुळे असेल, मला 'जणू घडलंच नाही' फार सोयीचं वाटायचं. पण रोलबॅक झाला तरी लॉग उरतोच, हेही मलाच सगळ्यांत आधी माहीत असायला हवं होतं.

मॅनेजरांचं मत पोलिसांत तक्रार करावी असं. एचआरच्या बाई द्विधेत. मी म्हणाले, तक्रार नको. त्याने आपल्या हाताने थांबवलं, ते एका मिनिटापूर्वी रक्षक गेला म्हणून की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. जे कळणार नाही ते मी त्याच्या बाजूने धरेन. बरीच वादावादी झाली. शेवटी त्याला त्याच दिवशी कामावरून मोकळं केलं, पेनड्राइव्ह जप्त केला, लेखी कबुली घेतली, पोलिसांत गेलो नाही. मी सही केली. बरोबर केलं का? मॅनेजर अजून मला लिफ्टमध्ये भेटले की आधी मोबाइल बघतात. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित त्यांच्यासारखंच म्हणाले असते. मला एवढं नक्की माहीत होतं की त्या टेबलाभोवती बसलेल्या चौघांपैकी तो एकटाच होता ज्याने स्वतःहून थांबवलं असण्याची निदान शक्यता होती. मी थांबले नव्हते. मला कपाटाने थांबवलं. हे मी समितीला सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मला समितीतून उठावं लागलं असतं.

म्हणून मेळाव्याचं ठरल्यावर मी महिनाभर आधी इथे येऊन गेले. मामा नदीपलीकडच्या गावात मुलाकडे असतात. कान मंद झालेत, डोळे लख्ख. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं, खिळ्यापासून खुलाशापर्यंत. काही वाक्यं दोनदा मोठ्याने सांगावी लागली. गुन्ह्याची कबुली ओरडून देणं फार अवघड असतं, घरातून सून डोकावून गेली.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेपर त्या कपाटात कधीच नसायचे गं पोरी. हेडसरांच्या घरी असायचे, परीक्षेच्या दिवशी सकाळी मी सायकलवरून आणायचो."

मी विचारलं, "आणि तो खुलासा, मामा?"

"तो दिला होता," ते म्हणाले. थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मला विचारलं, मुलं किती, कुठल्या शाळेत आहेत.